आत्याच्या कोल्हापुरात तीन संध्याकाळी

रविवार, ९ नोव्हेंबर

महालक्ष्मी एक्स्प्रेसमधून सकाळी उतरले. आत्या स्टेशनवर येणार होती, पण गाडी मिरजेला असतानाच तिचा फोन आला होता : "मी येतो म्हटलोतो, खरं गुडघा नको म्हणालाय." कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसांसाठी सांगते, माझी आत्या बाईच आहे, चौऱ्याहत्तर वर्षांची. इथल्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आणि 'खरं' म्हणजे 'पण'. आमच्या ह्यांना लग्नानंतर वर्षभर वाटायचं, आत्या दर वाक्याला सत्याची ग्वाही देते म्हणून.

मी ठाण्याला शाळेत भूगोल शिकवते. सूर्याचं भासमान भ्रमण हा धडा दर वर्षी येतो आणि दर वर्षी मुलं जांभया देतात. कोल्हापूरच्या किरणोत्सवाच्या तारखा फळ्यावर लिहिल्या की मात्र दोन-चार माना वर होतात. अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं येतात ती ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. दोन्हींच्या मधोमध येतो २२ डिसेंबर. इकडे साधारण बेचाळीस दिवस, तिकडे एक्केचाळीस. म्हणजे सूर्य दक्षिणेला जाताना क्षितिजावरच्या ज्या जागेवर मावळतो, परत येताना त्याच जागेवर मावळतो, आणि देवळाचं तोंड बरोबर त्या जागेकडे आहे. हे मी वीस वर्षं शिकवतेय. पाहिलं एकदाही नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि ठरवलं, संध्याकाळी देऊळ, दिवसा पायी गाव.

"गावात काय बघायचंय?" आत्याने चहा ओतता ओतता विचारलं. मी जुन्या इमारती म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या घरातली भांडी मोजायला आलेय.

मंगळवार पेठेतून निघून पहिल्यांदा बिंदू चौक गाठला. कोल्हापूरला एके काळी तट होता, बुरूज होते, वेशी होत्या. तट गेला, वेशींची नावं तेवढी रिक्षावाल्यांच्या तोंडात उरली : गंगावेस, रंकाळा वेस. बिंदू चौकात मात्र बुरूज आणि भिंत अजून उभी आहे, आणि भिंतीआड तुरुंग आहे. चालू तुरुंग. फोटो काढायला मी मोबाइल वर केला आणि पहाऱ्यावरच्या शिपायाच्या नजरेने तो खाली आला. चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी बसवलेले, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने. बाबासाहेब गेले १९५६ साली. हयात माणसाचा पुतळा गावाच्या ऐन चौकात उभा करायचा, तोही त्या काळात आणि त्या माणसाचा! मी पायरीवर जरा वेळ बसले. शेजारी एक आजोबा पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते.

तिथून भवानी मंडप. नगारखान्याच्या उंच कमानीखालून आत जायचं. १८२१ ते १८३८ या काळात गादीवर असलेल्या बुवासाहेब महाराजांनी ती बांधवली, दगड जोतिबाच्या डोंगराकडचा. पुस्तकातली चित्रं ही कमान समोरून दाखवतात, पण ती बघावी आतून, मान मागे टाकून. मजल्यावर मजला चढत जातो, दगडात लाकडाचं काम केल्यासारखे सज्जे आणि महिरपी दिसतात. मात्र मान मागे टाकून उभं राहायला इथे जागा नाही. कमानीतून माणसं जातात, पर्यटकांची पोरं जातात, डोक्यावर पाटी घेतलेला फुटाणेवाला जातो. मला तिघांनी "सरका की ओ" म्हटलं, एकाने "ताई, लागंल" म्हटलं.

आत जुना राजवाडा, तुळजाभवानीचं देऊळ, आणि एका बाजूला मेन राजाराम हायस्कूल. ही दगडी शाळा मेजर चार्ल्स मँट नावाच्या इंग्रज लष्करी इंजिनिअरच्या आराखड्याची आहे. हा गडी पुढेही भेटणार होता. रविवार असल्याने दाराला कुलूप. खिडकीच्या गजांतून वर्ग दिसला. बाक आपल्यासारखेच, फळ्याच्या कोपऱ्यात पटसंख्या लिहिलेली, पण छत इतकं उंच की मागच्या बाकावरच्या पोराचा आवाज वर जाऊन परत यायला वेळ लागत असेल. अशा वर्गात मला शिकवता आलं नसतं, मी ओरडून शिकवते.

चप्पल याच भागात घेतली. करकर वाजणारी, लाल गोंड्याची. दुकानदाराने तेल चोळून दिलं आणि सांगितलं, "दोन दिवस कडक लागंल, मग पायाला बसतीय." हे वाक्य लक्षात ठेवा.

संध्याकाळचं सगळं चुकलं. चारला देवळात पोचायचं होतं, पोचले पावणेपाचला. दर्शनाची रांग कुठल्या कुठे गेली होती. त्या रांगेत उभं राहून देवळाची भिंत मात्र नीट बघता आली. काळा बेसाल्ट, सरळ भिंत अशी नाहीच, कोन बाहेर येतो, आत जातो, परत बाहेर येतो, तारकेसारखा. दर कोनावर उन्हाची एक बाजू आणि सावलीची एक बाजू, त्यामुळे भिंतीवरच्या मूर्ती तिरप्या उन्हात बाहेर आल्यासारख्या दिसतात. आतली अंबाबाईची मूर्ती धामधुमीच्या काळात लपवून ठेवलेली होती, ती १७१५ साली विजयादशमीला पुन्हा बसवली. हे सगळं माझ्या पुढच्या काकू त्यांच्या नातवाला सांगत होत्या, आणि नातू विचारत होता, "मग लपवली तवा तिला भूक लागली नसंल?"

गाभाऱ्याजवळ पोचेपर्यंत आतले दिवे परत लागले होते. आजची किरणं झाली होती. बाहेर येणारे सगळे आपसात एकच विचारत होते, "कुठपर्यंत आली? पायापर्यंत?" परंपरेने पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असा क्रम सांगतात. मी भूगोलाची बाई, आणि सूर्याच्या वेळेला उशिरा पोचले. आत्याला सांगितलं तर तिने फक्त "बरं" म्हटलं, जे फार लागलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

टाऊन हॉलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. हे मला दारात उभं राहिल्यावर कळलं.

आत्या बरोबर होती. गुडघ्याला पट्टा बांधून, "दाखवतो तुला" म्हणत आली होती. टाऊन हॉलच्या बागेत आम्ही इमारतीला बाहेरूनच प्रदक्षिणा घातली. १८७२ ते ७६ मधलं बांधकाम, तेही मँटचंच. टोकदार कमानी, उतरती छपरं, दोन बाजूंना मनोरे. विलायतेतलं एखादं चर्च वाट चुकून पंचगंगेकाठी यावं आणि इथेच रमावं तसं. बागेत निवृत्त मंडळींचे गट बसलेले, एका बाकावर दोन पोरं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात डोकं घालून.

"चल, माझी इमारत दाखवतो," आत्या म्हणाली.

तिची इमारत म्हणजे सीपीआर. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, पूर्वीचं आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. टाऊन हॉलच्या जवळच, आणि पुन्हा मँटचाच आराखडा. आत्या इथे परिचारिका होती, पस्तीस वर्षं. मी या सहलीत जे काही पाहिलं त्यात हा तास सगळ्यात मोलाचा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परदेशी माणसाला ही इमारत दाखवली तर तो म्हणेल राजवाडा आहे. दगडी कमानींची ओळ, वर घुमट. आणि त्या कमानींखाली केसपेपरची रांग. पोटाशी एक्स-रेचं पाकीट धरलेला म्हातारा, जेवणाचा डबा घेऊन बसलेली बाई, स्टुलावर झोपलेला पोरगा. वास्तुशैली बघायला मी मान वर केली की एका नातेवाइकाने विचारलं, "कुठला वॉर्ड शोधालाय?" तिसऱ्यांदा असं झाल्यावर मी मान खालीच ठेवली.

आत्या मात्र वर बघतच नव्हती. ती भिंतीला हात लावून चालत होती. "हा दगूड उन्हाळ्यात गार," ती म्हणाली. "मे महिन्यात नाइटला असलो की पाठ टेकून उभा राहायचो. खरं पावसाळ्यात हाच घाम फुटल्यासारखा वला." मग म्हणाली, उंच छतामुळे रात्री कुणी कण्हलं की आवाज कुठून आला ते कळायचं नाही. नव्या पोरी घाबरायच्या. आत्याने त्यांना शिकवलं होतं, आवाजाच्या मागे जायचं नाही, पहिल्या खाटेपासून सुरुवात करून ओळीने जायचं. मी तिला विचारलं, मँट माहीत आहे का? इथली शाळा, टाऊन हॉल, हे हॉस्पिटल, नवा राजवाडा, शिवाय बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडा, हे सगळं एका माणसाचं. आणि तो १८८१ साली गेला, बऱ्याच गोष्टी पुऱ्या व्हायच्या आधी. आपली गणितं चुकलीत, बांधलेलं सगळं कोसळणार, या भीतीने त्याचं मन बिघडलं असं सांगतात.

आत्या थांबली. भिंतीवर दोनदा थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी. "कोसळलं नाही म्हणावं," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

दसरा चौक तिथून पाच मिनिटांवर, आत्याच्या गुडघ्याने पंधरा. मधोमध शाहू महाराजांचा पुतळा. दसऱ्याला इथेच सोनं लुटतात. बाकीच्या दिवसांत हा नुसता रहदारीचा चौक वाटतो, पण भोवती नजर फिरवली तर पाट्या दिसतात : दिगंबर जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग. जैन बोर्डिंग १९०१ चं, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ लाच निघालं होतं, अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ साली. मधे २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के नोकऱ्या राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. हुकूम सगळ्यांना माहीत असतो, बोर्डिंगं नसतात. मला वाटतं हुकमाच्या मागचा हिशोब या इमारतींत आहे : नोकरी राखून ठेवली, तर तिच्यासाठी शिकलेला मुलगा हवा, आणि खेड्यातला मुलगा शिकायचा तर त्याला गावात अंथरूण आणि दोन वेळची भाकरी हवी. या इमारती दिसायला साध्या आहेत. मँटसारखे मनोरे नाहीत. वाळत घातलेले टॉवेल आहेत.

इथपर्यंत चपलेने डाव्या अंगठ्याजवळ पहिला फोड आणला होता. आत्याने पर्समधून चिकटपट्टी काढली. नर्सची पर्स.

दुपारी ती घरी थांबली आणि मी लंगडत खासबागचं कुस्ती मैदान गाठलं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला जाताना शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि तसं मैदान कोल्हापुरात हवं म्हणून १९०७ ते १९१२ या काळात हे बांधून घेतलं. जमिनीत खोल गेलेली वाटी, तळाशी हौदा, भोवती चढत गेलेल्या पायऱ्या. कुठेही बसा, मधे खांब येत नाही, पुढच्याचं पागोटं येत नाही. मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसले. खाली एक म्हातारा पैलवान (कानावरून ओळखला, पापड मोडल्यासारखे कान) नातवाला लाल माती दाखवत होता. तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल पडतं हे ऐकून होते. त्याने चिमूटभर माती पोराच्या कपाळाला लावली. वरून हे सगळं स्पष्ट दिसलं, म्हणजे बांधणाऱ्याचं काम चोख.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५ चं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. केशवराव कोल्हापूरचे गायक-नट, जन्म ९ ऑगस्ट १८९०. 'ललितकलादर्श' ही नाटक मंडळी त्यांनी काढली तेव्हा ते अठरा वर्षांचे नव्हते झाले की नुकतेच झाले होते असं वय. १९२१ च्या जुलैमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर त्यांनी मुंबईत केलेल्या संयुक्त प्रयोगाची गोष्ट आमच्या घरात तीन पिढ्या सांगतात, आणि तिन्ही पिढ्यांत प्रयोगाला कुणीच गेलेलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, नाट्यगृह जळालं. दर्शनी दगडी भिंत वाचली. आज तिच्यामागे पुन्हा उभारणी चाललेली. आत्याने त्या रात्री गच्चीवरून लोळ पाहिले होते. तिने पहिलं नाटक तिथे पाहिलं आणि भाच्याच्या शाळेचं गॅदरिंगही. सकाळी हॉस्पिटलबद्दल तासभर बोलणारी आत्या याबद्दल एवढंच म्हणाली, "रडू आलं बाई. शेजारचे बापय पण रडत होते."

संध्याकाळी साडेतीनलाच देवळात. आज आत जागा मिळाली, पण माझ्या पुढे सव्वासहा फुटी माणूस. खासबागचे इंजिनिअर इथे हवे होते असं मनात आलं. दिवे मालवले. गर्दी एकदम गप्प झाली. मूर्ती मला दिसत नव्हती, फरशी दिसत होती. आणि त्या फरशीवरून एक पिवळट पट्टा आत सरकत गेला. घाईत नाही, थांबतही नाही. पुढून कुणीतरी पुटपुटलं, "कमरेपर्यंत." मग पट्टा विरला. ढग की धूर की धूळ, कोण जाणे. "उदं गं अंबे उदं" झालं, दिवे लागले.

रात्री गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेले. म्हैस समोर उभी, धार काढून फेसाळतं दूध ग्लासात. ठाण्याला पिशवीच्या दुधावर वाढलेल्या पोटाने रात्रभर निषेध नोंदवला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

सकाळी संग्रहालय उघडताच पहिली मी. इथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात उत्खनन झालं, त्यात सापडलेला पोसायडन इथे आहे, ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव. ब्राँझचा, वीतभरही उंच नाही. एक हात वर, कंबर जरा कललेली. सह्याद्रीपलीकडच्या बंदरात उतरून घाट चढून सातवाहनांच्या काळातल्या कोल्हापुरात तो आला असणार, कुठल्यातरी व्यापाऱ्याच्या गाठोड्यात. समुद्राच्या देवाला उसाच्या प्रदेशात दोन हजार वर्षं राहावं लागलं. शेजारून शाळेची सहल गेली. बाईंनी "हा ग्रीक देव" म्हटलं आणि पुढे नेलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबा, इथे धडा आहे. पण सहलीची बाई मीही असते, आणि तेव्हा मलाही फक्त पटसंख्या दिसत असते.

वरच्या भिंतीवर आबालाल रहिमान यांची चित्रं. तिथे वेळ कसा गेला कळलं नाही.

नवा राजवाडा रिक्षाने केला, अंगठ्यामुळे. १८७७ ते १८८४, खर्च सात लाख. काळ्या दगडाचा भव्य, मधे घड्याळाचा मनोरा. मँट गेला त्यानंतर तीन वर्षांनी पुरा झालेला. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांतून शिवचरित्रातले प्रसंग उजळतात, त्यासाठी जरूर जावं. पेंढा भरलेल्या वाघांच्या खोल्या मी भराभर ओलांडल्या. एवढे काचेचे डोळे आपल्याकडे बघत असले की चोरी केल्यासारखं वाटतं.

दुपारी झोपले. रंकाळा राहिला, राहू दे.

संध्याकाळी देवळात न जाण्याचं ठरवलं. दोन दिवस किरणांच्या पोचण्याची बाजू बघितली, आज निघण्याची बाजू बघायची. महाद्वारात देवळाकडे पाठ करून उभी राहिले, तोंड पश्चिमेला, महाद्वार रोडकडे. साबुदाण्याच्या वड्यांचा वास, हार, बांगड्या, गर्दी. पाच वाजून गेले तसा सूर्य रस्त्याच्या टोकाला घरांच्या मधल्या फटीत उतरू लागला. तेव्हा कळलं की हे देऊळ भिंतींपाशी संपत नाही. ही फट त्याचा भाग आहे. या रस्त्यावर कुणी एक मजला चढवला, पाण्याची टाकी ठेवली, गच्चीवर फलक उभा केला, तर आत देवीच्या अंगावरचा उजेड तेवढा कमी होतो. म्हणून तर दर वर्षी अडथळे मोजतात, कळवतात, काढायला लावतात. फळ्यावर मी सूर्य काढते, देऊळ काढते, मधे सरळ रेघ मारते. रेघेखाली किती दुकानं येतात ते कधी दाखवलं नव्हतं.

समोरचा चप्पलवाला आकडी लावून दुकानावरचं ताडपत्रीचं छप्पर गुंडाळत होता. मी विचारलं, "बंद करताय?"

"न्हाई ओ. तीन दिवस पाच वाजले की गुंडाळतो. माझी ताडपत्री आड येती की न्हाई ठावं न्हाई, खरं आपल्यामुळं नको."

मग तो काही बोलला नाही, मीही नाही. ऊन त्याच्या दुकानातल्या टांगलेल्या जोड्यांवरून माझ्या खांद्यावरून आत गेलं. माझी सावली महाद्वारात पडलेली पाहून मी दचकून बाजूला झाले. मागे देवळात दिवे मालवले असणार, कारण आतला गलका थांबला. मी वळले नाही. थोड्या वेळाने एकदम घंटा, टाळ्या, उदं गं. आतून फुटलेली आरोळी रस्त्यावर आली आणि बांगड्यावाल्या बायकांनी जागेवरूनच हात जोडले.

"पोचली," चप्पलवाला म्हणाला आणि ताडपत्री परत सोडली. मग त्याचं लक्ष माझ्या पायाकडे गेलं.

"चावालीय व्हय? कुठनं घेतलासा?"

मी सांगितलं नाही. त्याने न विचारता स्टूल पुढे सरकवलं, माझी डावी चप्पल काढून घेतली, पट्टा अंगठ्याने दाबून बघितला आणि लाकडी साच्यावर चढवून हातोडीने ठोकायला लागला.